डब्यात पंखा नव्हता

प्रिय हरिणी,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलंस, याचंच मला बरं वाटतंय. तू पुण्यात शिकलीस, म्हणून पुस्तकातलं मराठी लिहायचा प्रयत्न करते आहे. सून होऊन आलीस तेव्हा आमचं तंजावरी मराठी ऐकून पदर तोंडाला लावून हसायचीस. ‘आत्या, तुम्ही बखरीतून बोलता,’ म्हणायचीस. मी रागावल्यासारखं दाखवायची, पण मला ते आवडायचं. घरात कुणीतरी आपलं बोलणं इतकं कान देऊन ऐकतंय, याची सवय नव्हती मला.

इकडे कुंभकोणम् तसंच तापलेलं आहे. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. माझे गणिताचे वर्ग चालू आहेत. आता अकरा मुलं आहेत, त्यातली दोन मस्कतची आणि एक सिंगापूरची. त्या मुलीचं नाव शरण्या. ती उणे चिन्ह विसरली की मी कॅमेऱ्यात बोट नाचवते. पण गेल्या महिन्यात वर्ग मध्येच बंद पडला. तू जोडून दिलेला कॉम्प्युटर गेला. मदरबोर्ड जळला म्हणे. सहा वर्षं इमानाने चालला बिचारा.

तुला आठवतं ना, टाळेबंदीत तू आणि श्रीवत्स चेन्नईहून चार महिने इथे येऊन राहिला होतात. शाळा बंद, मी निवृत्तीच्या तोंडावर, आणि मुलांना फोनच्या एवढ्याशा पडद्यावर भूमिती शिकवताना रडकुंडीला आलेली. तू सगळे भाग कुरियरने मागवलेस आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेस. ह्यांना दोन दिवस जमिनीवर बसून जेवावं लागलं, तरी ते खूश होते. प्रोसेसर तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर पंखा बसवायचा, हे मला तेव्हा कळलं. तो पंखा प्रोसेसरच्या डब्यातच आला होता, आणि तू नाक मुरडलंस. ‘हा म्हणजे लग्नात आलेले स्टीलचे पेले, आत्या. कुणालाच नको असतात, तरी देतात. आवाज करतो, धड थंड करत नाही. ज्याला जसा हवा तसा त्याने घ्यावा.’ मी म्हटलं, अगं, त्याच पेल्यांवर माझा संसार उभा राहिला. तू खळखळून हसलीस आणि तोच पंखा बसवलास. मग तुझ्या बारीक अक्षरात पायऱ्या लिहून दिल्यास, पुढे कधी मला एकटीला करावं लागलं तर म्हणून.

ती वेळ आली. जुना प्रोसेसर आणि जुना पंखा नव्या बोर्डावर बसत नाहीत, भोकं जुळत नाहीत, असं कळलं. म्हणून मी नागेश्वरनच्या देवळामागे सेतूच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. सेतू मन लावून काम करणारा माणूस आहे, तिशी ओलांडलेला, मला टीचर म्हणतो. माझ्याकडे शिकलेला नाही, पण गावात सगळे म्हणतात म्हणून तोही. मला हवा होता तो प्रोसेसर नव्हता, म्हणून त्याने जवळपास त्याच किमतीत एक वरचा दिला. काउंटरवर डब्याचं सील फोडून आतली प्रोसेसरची चकती दाखवली, मग बिल करायला डबा घेऊन आतल्या खोलीत गेला. मी रिक्षाने घरी आले, चष्मा पुसला, तुझा कागद समोर ठेवला. बोर्ड बसला, चकती बसली. पाचवी पायरी: पंखा. डब्यात पंखा नाही. डबा उलटा केला, आतला पुठ्ठा फाडला. नाही.

हरिणी, मी एक क्षणही विचार केला नाही. सील त्याने फोडलं, डबा आत त्याने नेला, पंखा गेला. माझ्या डोक्यात गणित सुटलं होतं. तशीच परत रिक्षा केली. दुकानात दोघं-तिघं होते. मी दारातूनच सुरुवात केली. म्हातारी एकटी बाई बघून वस्तू काढून घेतोस? तुझ्या आईने हेच शिकवलं? तमिळमध्ये रागवायला लागले की माझा आवाज वर्गातला होतो, तुला माहीत आहे. सेतू इतकंच म्हणाला, ‘टीचर, ह्या डब्यात पंखा येतच नाही. तो वेगळा घ्यावा लागतो.’ मी म्हटलं, ‘माझ्या सुनेने माझ्यासमोर डबा उघडला होता, मला शिकवू नकोस.’ त्याचा चेहरा उतरला. मी पोलिसांचं नाव काढून निघून आले.

सकाळी तो डबा रद्दीत टाकायला उचलला आणि उजेडात धरला. खालच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत, लिहिलं होतं की कूलर सोबत नाही. चाळीस वर्षं मुलांना सांगत आले, प्रश्न दोनदा वाचा.

फोन करावासा वाटला. पण आरोप लोकांसमोर केला होता. म्हणून अकरा वाजता, दुकानात गर्दी असते तेव्हा गेले. सगळ्यांसमोर म्हटलं की चूक माझी होती, या माणसाने माझं काहीही घेतलेलं नाही. सेतूने मान खाली घातली आणि म्हणाला, ‘असू दे, टीचर.’ पण त्याच्या आवाजावरून मला कळलं की ते एवढ्यावर संपलेलं नाही. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, आदल्या दिवशी तिथे कृष्णकुमार उभे होते, कॉलेजातले प्राध्यापक. त्यांच्या प्रयोगशाळेचे बारा कॉम्प्युटर सेतूला जोडायचे होते. सकाळीच त्यांचा फोन आला होता की तूर्त थांबू.

कॉलेजला सुट्टी होती. मी बस पकडून तिरुविडैमरुदूरला त्यांच्या घरी गेले, पिशवीत तो रिकामा डबा. कृष्णकुमार लुंगीवर बाहेर आले. मी त्यांना ती ओळ वाचायला लावली. त्यांना भिंग आणावं लागलं. वाचून आधी हसले. मग म्हणाले, ‘मी दोन-तीन जणांना सांगून बसलो की तो माणूस सामान काढून घेतो.’ मी म्हटलं, त्या प्रत्येकाला आत्ता माझ्यासमोर फोन करा. केले त्यांनी. त्यांच्या बायकोने मला ताक दिलं. काम सेतूलाच मिळालं. पण अजून तो माझ्याशी पूर्वीसारखा थट्टा करत नाही. परवा मी साधी वायर घ्यायला गेले, तर पाकिटावरचं प्रत्येक अक्षर मला मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं.

पंखा त्याच्याकडूनच घेतला, चांगला मोठा. बसवायला तो घरी आला तेव्हा आमचा वाद झाला. त्याचं म्हणणं तुझंच. कॉम्प्युटरवर मोठं काम करणारे डब्यातला पंखा त्याच्याच दुकानात टाकून जातात, माळ्यावर ढीग पडलाय. शिवाय फुकट काही येत नसतं, किंमत आत धरलेलीच असते. हे मला पटलं. पण मी त्याला म्हटलं, जाणता माणूस दुसरा पंखा आणेल किंवा आणणार नाही, ते तो ठरवेल. नेणत्याचं काय? जी वस्तू पंख्याशिवाय पाच मिनिटं चालत नाही, ती पंख्याशिवाय विकायची असेल, तर निदान डब्याच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत तसं सांगा. सेतू म्हणाला, ‘कंपनीला लिहा, टीचर.’ वर्ग दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले. नवा पंखा खरंच आवाज करत नाही. इतकी वर्षं मी वर्गात उगीचच ओरडून बोलत होते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. ह्यांच्या वर्षश्राद्धाला श्रीवत्स आला होता. पानं उचलल्यावर माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, ‘अम्मा, हरिणी मला सोडून गेली नाही. मी तिला जा म्हटलं. माझ्या आयुष्यात दुसरं कुणी होतं.’ अप्पांचं तेव्हा हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून इथे कुणाला कळू देऊ नकोस असं तूच त्याला सांगितलंस, हेही म्हणाला. आणि मी काय केलं होतं? शेजारच्या जयलक्ष्मीच्या नातवाच्या बारशात, भरल्या घरात म्हटलं की हिला नोकरी हवी होती, घर नको होतं. टीचर म्हणते म्हणून सगळ्यांनी खरं मानलं. हे गेले तेव्हा तू बंगळूरहून रात्रभराचा प्रवास करून आलीस, ओसरीत एकटी उभी राहिलीस, आणि मी तुझ्याशी एक शब्दही बोलले नाही. श्रीवत्सने सांगितल्यावरही पाच आठवडे मी गप्प होते. एका दुकानदारासाठी दुसऱ्याच दिवशी बस पकडली, तुझ्यासाठी उठले नाही. काल उठले. जयलक्ष्मीकडे गेले, बारशाला होते त्या सगळ्यांना बोलावलं, आणि खरं सांगितलं. जयलक्ष्मी म्हणाली, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? मी म्हटलं, खोटी गोष्ट मीच इथे आणून ठेवली होती. फोन केला असता तर तू मला मध्येच अडवून ‘जाऊ द्या हो’ म्हटलं असतंस, आणि मी सुटले असते. मला सुटायचं नाही. तू परत यावंस म्हणून हे लिहीत नाही, तो हक्क आमच्या घराने गमावला. तुझी क्षमा मागायला लिहिते आहे. उत्तर द्यायला वेळ लागला तर लागू दे, रागाने भरलेलं आलं तरी मी ते पूर्ण वाचेन.

आता जे नाव तू देशील त्या नात्याने तुझीच,
गंगाबाई