नाडीचा काटा

३ मार्च
शेवटी काटा हलला! आमच्या फिटनेस अ‍ॅपमध्ये आता गाडीसारखा स्पीडोमीटर – अर्धा गोल, हिरवा, पिवळा, लाल. मनगटाला पट्टा बांधायचा, नाडीचे ठोके मोबाईलवर. पूर्वी नुसता आकडा यायचा. प्रीतम, आमचा टीम लीड, म्हणाला, "दीप्ती, आता क्लायंट नाही म्हणणार नाही."

४ मार्च
पट्टा नवऱ्याला बांधला. बायको प्रोग्रामर म्हणजे महेंद्र फुकटचा टेस्टर. ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रोडवर धावून आला. सोफ्यावर चहा पीत बसला तरी काटा वेडापिसा – लाल, धाडकन खाली, परत लाल. माझ्या कोडमध्येच घोळ.

६ मार्च
घोळ सापडेना. पट्टा माझ्या हाताला बांधला की काटा शांत. प्रीतम वैतागला. "अगं, ठोक्यांची सरासरी दाखव ना. क्लायंटला उड्या नकोयत." केलं तसं. महेंद्रच्या हातावरही काटा आता सुरेख फिरतो. ठाण्याच्या ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

९ मार्च
लिहिलं नाही तर वेड लागेल.
महेंद्र जिन्यातच खाली बसला. घामाघूम, ओठ पांढरे. पट्टा त्याच्या मनगटावरच होता, म्हणून मी आधी मोबाईल बघितला – काटा हिरव्यात. मग त्याच्या गळ्याला बोटं लावली. ठोके भरभर, मग काहीच नाही, मग एकदम धडधड. अगदी तसे, जसा काटा आधी उडत होता.
कोडमध्ये घोळ नव्हताच. काटा खरं सांगत होता, आणि मी त्याला गप्प केलं.
रिक्षावाल्याला हॉस्पिटलचं नाव महेंद्रनेच सांगितलं. वर मला म्हणतो, "काही नाही गं, पित्त असेल." तिथे त्याच्या छातीला वायरी लावल्या. संध्याकाळपर्यंत ठोके ताळ्यावर आले, तेव्हा कुठे मला रडू फुटलं.
प्रीतमला फोन केला. "सरासरी काढून टाकतेय."
"वेडी आहेस का? उद्या डेमो आहे."
"मग डेमो तू दे." फोन ठेवला.

१० मार्च
हृदयाचे डॉक्टर आज आले. आत येता येताच म्हणाले, "काय महेंद्र, गोळ्या परत बंद केल्यास?"
परत.
महेंद्रने तोंड भिंतीकडे वळवलं. डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही मिसेस का? दरवेळी याची आईच येते."