लादाईन, माटोळी आणि सातवी ब

पेडणे, ६ जुलै २०२५

चि. समीक्षास आजीचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तू नुसती रडलीस, आणि मला ऐकू येतं अर्धं. म्हणून सुविधाला लिहायला बसवलंय. सुनेला सासूचं बोलणं निमूट उतरवावं लागतंय, तेवढीच मजा.

म्हणजे बाय, धर्मांचा पाठ शिकवताना तू अख्ख्या सातवी ब ला आरती म्हणायला लावलीस, मग गुडघ्यांवर बसवून प्रार्थना. आरतीवरून रोझाची आई रागावली, प्रार्थनेवरून गौरेशचा बाप शिवदास. दोन्ही घरांचं एकमत केलंस, हे आमदारालाही जमलं नसतं! आता शनिवारच्या पालकसभेत त्यांची समजूत पटली नाही तर हेडबाई तो पाठच बंद करणार.

अगो, शेजारची पेलागिन चवथीला माटोळी बघायला येते. गणपतीवरच्या त्या चौकटीला टांगलेल्या एकेका रानफळाचं नाव विचारते, नेवऱ्या खाते, जाते. मी तिच्या हातात आरती दिली कधी? त्यांच्या क्रुसाकडे सगळे जमून गातात ती लादाईन असते, तेव्हा मी मागे बसून प्रार्थना ऐकते, उकडलेले चणे खाते, येते. गुडघे टेक असं ती म्हणाली नाही. टेकले असते तर उठवायला चौघं लागली असती.

करून घेतलंस त्याची माफी माग. शिकवलंस त्याची मागू नकोस.

माया आहेच, ती रडण्यात वाहवू नकोस.
तुझी आजी, पार्वती

डिचोली, १९ जुलै २०२५

ती. आजीस समीक्षाचा सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तशी माफी मागितली. मग त्या दोघांनाच वर्गात येऊन आपापल्या घरच्या रीती सांगायची विनंती केली. शिवदास पाचच मिनिटं म्हणाले. बेल झाली तरी माटोळीवरच! अमुक फळच का, असं रोझाने विचारलं तेव्हा अडले, आईला विचारून कळवतो म्हणाले. रोझाच्या आईने लादाईन सांगितली. आम्ही आलो तर चालेल का, हे गौरेशनेच विचारलं. हात कोणालाही जोडायला लावले नाहीत. पाठ परत मिळाला, आजी! वर सातवी अ सुद्धा माझ्याकडे.

कृपा असावी, टोमण्यांसकट.
तुझी समीक्षा

पेडणे, २७ जुलै २०२५

चि. समीक्षास आशीर्वाद.

शिवदास इथे सासुरवाडीला आलेला. रोझाने काय विचारलं, आईकडून त्याने काय शोधून आणलं, हे सांगता सांगता त्याची एक बस गेली, मग दुसरी. रागावलेल्या बापाला तू मास्तर करून सोडलंस गो! ती माझी नात, असं मी वाड्यावर सांगत फिरते. सुविधा विचारते, सल्ला तुमचा होता हेही सांगता का.

तेच तर आधी सांगते.

लोभ ठेव, आणि ताठ मानेने शिकव.
आजी