मोज्याची चुणी

११ फेब्रुवारी
पळाले. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही. मैदानाच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. लोक याला पळणं म्हणतील की नाही कोण जाणे, पण दोन्ही पाय जमिनीवरून सुटत होते, म्हणजे पळणंच. शेजारची पद्मा मागून ओरडतेय, "टीचरम्मा, मेल्लगा!" हळू म्हणे. चाळीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून या पायांच्या शिरा फुगल्या. उभं राहायचं काम झालं, आता पळतील.
घरी ह्यांना सांगितलं, फिरून आले.

१३ फेब्रु.
सुलतान बाजारातून नवे मोजे आणले, जुने सैल पडलेत. हे शिरांचे मोजे, बोटांपासून गुडघ्यापर्यंत आवळून धरणारे. ते नसले की संध्याकाळी पाऊल डबलरोटीसारखं. दुकानदार माप घेताना म्हणाला, "अम्मा, ये बुड्ढे लोगां का मोजा है, दौड़ने का नै."
म्हटलं, "बुड्ढीच दौड़ने वाली है."
त्याने टेप गुंडाळली.

१९ फेब्रु.
डॉ.बाईंकडे. ह्यांच्यासमोरच विचारलं, पळू का? चोरून किती दिवस करायचं. त्या म्हणाल्या, खालचं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचं, ती हलली तर बरंच. मातीवर, मोजे घालूनच, जपून. पण कातडी काळी पडली, खाजली, ओलसर वाटली तर थांबायचं आणि लगेच दाखवायचं.
मी पहिलं वाक्य घेऊन बाहेर पडले, ह्यांनी शेवटचं घेतलं. रिक्षात म्हणाले, "तू पळालीस." विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

२० फेब्रु.
संप. माझं उजवं मनगट मोडल्यापासून त्यात जोर नाही, म्हणून गेलं वर्षभर अंथरुणातून उठायच्या आधी माझे मोजे हेच चढवतात. भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे घालून, कारण त्याशिवाय पकड येत नाही. आज हातमोजे खुर्चीवर आणि हे पेपर घेऊन गॅलरीत.
"चालायला जाणार असशील तर चढवतो. पळायला नाही."
चालायलाच जातेय म्हटलं असतं तर काम झालं असतं. एकदा ती थाप मारून झालीय, पुन्हा नाही. पळायलाच जाणार, म्हटलं. साठी बुद्धी नाठी, म्हणाले. नाठी तर नाठी.
मग पेपर खाली ठेवून म्हणाले, "ती जखम मी धुतलीय. तू तिकडे तोंड करून बसायचीस."
गेल्या वर्षी डाव्या घोट्यावर फुटली होती ती. शिरांचीच. भरता भरेना. रोज धुणं, पट्टी, सगळं ह्यांनी केलं, एक दिवस कंटाळले नाहीत. मला बघवायचं नाही, हेही खरंच. पण म्हणून काय पाय ह्यांच्या नावावर झाला?

२४ फेब्रु.
मोज्यांविना मैदान बंद. मोजा टाचेवर येऊन अडतो, मनगटातून कळ जाते. आज रडले. वाईट वाटून नव्हे, रागाने. हे स्वयंपाकघरात उगाच डबे लावत होते.

२८ फेब्रु.
जमलं! पावलावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, तिच्यावरून मोजा सरकतो, मग मोज्याच्या पुढच्या उघड्या तोंडातून पिशवी ओढून काढायची. अडला हरी. घामाने डबडबले, पण गेले. टाकीपर्यंत आणि परत. पद्मा नुसती हसली.

३ मार्च
बूट बांधत होते. ह्यांची वंदना आटोपली, बाहेर आले, पायाकडे बघितलं.
"थांब."
गुडघ्यामागे मोज्याला चुणी पडली होती. मला कळलंही नव्हतं. जन्म रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून गेला, वाकडी बसलेली वस्तू ह्यांना बघवत नाही. खाली बसले, हातमोजे घातले, मोजा पूर्ण उतरवला, पुन्हा चढवला. "अशी चुणी राहिली तर दोरीसारखी काचते. रक्त तिथंच अडतं."
ह्यांचा राग होताच. असू दे, मोजा सरळ बसला.

४ मार्च
हातमोजे घालून स्वतःच आले. विचारून कशाला हात दाखवून अवलक्षण.

१७ मार्च
महिला मंडळाच्या ललिताबाई आल्या. १४ एप्रिलला, जयंतीच्या सकाळी आपल्या विहारापासून मैदानापर्यंत बायकांची दौड असते. म्हाताऱ्यांना मंडपात खुर्ची, शाल आणि तुळशीएवढं एक रोप. यंदा सत्कारात माझं नाव. म्हटलं, शाल नको, नंबर द्या.
हसल्या. मग मी हसत नाही हे लक्षात आलं. काही झालं तर मंडळावर येईल, बाई, म्हणाल्या. माझ्यावरच येईल, लिहून देते, म्हटलं.
हे चहा घेऊन आत आले. वाटलं, आता ललिताबाईंची बाजू घेणार. कप ठेवत म्हणाले, "सत्कारातलं नाव आधी खोडा. दोन्हीकडे कशी असेल ती?"

५ एप्रिल
सूर्य उगवतो तोच चटके देत. तरी आज अख्ख्या मैदानाला एक फेरी, न थांबता. शेवटी पोटऱ्यांत आग, श्वास कुठून आणू असं झालं. फाटकाला धरून उभी राहिले आणि इतका आनंद झाला की लाज वाटली. मग म्हटलं लाज कसली.

१३ एप्रिल
अंघोळीच्या वेळी दिसलं. डावा घोटा, जुन्या जखमेच्या अगदी वर. काळसर डाग, खाज. डास असेल. मोजा घासला असेल. किंवा
या वेळी तोंड फिरवलं नाही. चष्मा लावून नीट पाहिलं. कातडी फुटलेली नाही. असं मला वाटतं.
आज रविवार, उद्या जयंतीची सुट्टी. दवाखाना मंगळवारी. ह्यांना सांगितलेलं नाही. उद्या सांगावं लागणारच नाही, पाय त्यांच्याच हातात असणार.

१४ एप्रिल, पहाट
हातमोजे घातले. ह्यांनी माझा डावा पाय मांडीवर घेतला आणि अंगठा त्या डागावरच थांबला. मी छताकडे नाही, त्यांच्याकडे बघत राहिले.
"कधीपासून?"
"काल दिसलं."
हातमोजे काढले. संपलं, असं वाटलं. मोरीतून तांब्या आणला, जागा धुतली, टिपून कोरडी केली. गेल्या वर्षीचा पट्टीचा डबा काढला. तो त्यांनी टाकला नव्हता. कापसाची पातळ घडी ठेवली, हातमोजे पुन्हा घातले, मोजा चढवला. गुडघ्यामागून बोट फिरवून बघितलं.
"रस्ता डांबरी आहे," म्हणाले. "माती नाही."
"माहीत आहे."
"मंगळवारी दवाखाना."
"हो."
"मी वळणावर उभा राहतो. हात वर केला की थांबायचं."
हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पायाला खाज आहे, थोडी.
विहाराकडून भोंगा ऐकू येतोय. हे खाली गेले, स्कूटर सुरू झाली. नंबर ओढणीला पिनेने लावायचा राहिलाय.