मधला सेल

५ मार्च, गुरुवार
गाडी कालव्याच्या पुलावर बंद. या आठवड्यात तिसऱ्यांदा. डिस्प्लेवर बॅटरीच्या तीन काड्या दिसतात, चढ लागला की एकदम काळोख. ऊसतोडीचे दोघे बैलगाडी थांबवून आले, तीनचाकी ढकलली. एकजण म्हणाला, "पावणं, पेट्रोलची घ्या की राव." मग माझ्या पायांकडे त्याचं लक्ष गेलं. मीच म्हणालो, घेऊ की.
ना.गावला बाजारपेठेतलं माझं दुकान दहाला उघडलं. फवारणी पंपांच्या चार बॅटऱ्या दुरुस्तीला. दुसऱ्यांच्या बॅटऱ्या जिवंत करतो आणि स्वतःची पुलावर मरते. हसावं की काय.
गाडीच्या बॅटरी पॅकवर दिव्याचा लोड टाकून बघितला. मीटर आधी छान आकडा दाखवतो, दिवा लावला की ढासळतो. चार वर्षं झाली. ज्यांच्या शिबिरात गाडी फुकट मिळाली त्यांचा फोन आता लागत नाही. नवा पॅक आपल्या आवाक्यातला नाही. गाडी नसेल तर मी पुन्हा घरात. चार वर्षांपूर्वीपर्यंत मी कुणाच्या तरी पाठीवर नाहीतर ओट्यावर होतो. तिकडे परत जायचं नाही. नाहीच.

७ मार्च, शनिवार
आज घरीच होतो. जेवून जरा पडलो. चारला उठून बघतो तर पॅक गाडीत नाही. आई म्हणाली, "तुझ्या बापानं नेला. वर ठिवलाय."
वर म्हणजे पत्र्यावर. सकाळपासून उन्हात.
आप्पा शिडीच्या खाली उभे, खुशीत. "आमी मेंढरामागं व्हतो तवा बॅटरीचं शेल मंद झालं का दगडावर वाळत घालायचो. लई जोर यायचा. दोन राती आरामात निघायच्या."
खाली उतरवायला लावला. हात लावता येईना इतका तापलेला. वरचं निळं प्लास्टिक सुरकुतून फाटलेलं. जोडून बघितला. एक काडीसुद्धा नाही.
मग मी जे बोललो ते इथे लिहवत नाही. एक वाक्य लिहितो, म्हणजे विसरणार नाही: "मेंढरांपलीकडं तुम्हाला काय कळतं? माझे पाय तोडलेत तुम्ही."
आप्पा शिडी उचलून गोठ्यात ठेवायला गेले. ते बराच वेळ आले नाहीत.

८ मार्च, रविवार
पॅक गेला. सर्किट कार्ड बाजूला काढून थेट सेलवर मापून बघितलं, तरी गाडी हलेल एवढं काही नाही.
आप्पा जेवले नाहीत. आई मला म्हणाली, "सत्तर वर्साच्या मान्साला असं बोलत्यात व्हय?" मी म्हणालो, मग काय आरती ओवाळू? आई उठून गेली. आमच्या घरात सगळे उठूनच जातात. मला तेवढंच जमत नाही.

९ मार्च, सोमवार
आप्पांनी सकाळी मोटारसायकल पुसून उभी केली. मला उचललं, मागे बसवलं. मी घसरू नये म्हणून डोक्याचा फेटा सोडला आणि माझ्या कमरेभोवती नि स्वतःच्या पोटाभोवती घट्ट गुंडाळून गाठ मारली. घरून, येडगाव ते ना.गाव, असे आलो. सदतिसाव्या वर्षी, बापाला बांधलेला.
बाजारपेठेत ओळखीचे बघत होते. 
दुकानापाशी आप्पांनी गाठ सोडली. म्हणाले, "सांजच्याला किती वाजता येऊ?" दोन दिवसांत हे पहिलं वाक्य.

११ मार्च, बुधवार
शेजारी शकीलभाईंचं पंक्चरचं दुकान. माझं तोंड बघून त्यांनाच राहवलं नाही. "दत्तू, बॅटरी गेली ती गेली. पन म्हातारा सकाळी तुला सोडून तिकडं वडाखाली बसून राहतो, संध्याकाळपर्यंत. माहीत हाय का तुला?"
माहीत नव्हतं. मला वाटायचं परत घरी जातात.
ठरवलं, सेल फोडून बघायचा. उन्हाने मेला असेल तर मला बोलायचा हक्क होता. हो, ह्याच्यासाठीच. दुसरं काही कारण नाही.
दोन सेल घेतले. एक कडेचा, पत्र्याला टेकलेला. एक अगदी मधला, बाकीच्यांच्या आडोशाला होता तो. जे उन्हाने झालंय ते कडेच्यात जास्त दिसायला पाहिजे. दोन्हींत थोडी धुगधुगी सापडली, ती दिव्यावर संपवायला लावली. चार्ज असलेला सेल कापला तर पेट घेतो.

१३ मार्च, शुक्रवार
दुपारी दुकानामागे, उघड्यावर. गॉगल, हातमोजे. शेजारी वाळूची बादली. शकीलभाई लांब उभे राहून "अरे जपून, अरे जपून."
अंगठ्याएवढं नळकांडं. पाइप कटरने कडेने फिरवत टोपी कापली. गोडसर वास आला, थिनरसारखा, डोक्यात जाणारा. आतली गुंडाळी चिमट्याने ओढली. उलगडली तर हातभरापेक्षा लांब पट्टी. एक पत्रा तांब्याचा, एक अॅल्युमिनियमचा, दोन्हींवर काळा लेप, मध्ये पांढरं पातळ प्लास्टिक. एवढ्यावर मी चार वर्षं फिरलो.
तांब्यावरचा लेप सगळीकडे सारखा काळा असायला हवा. नव्हता. त्यावर राखाडी डाग, बुरशी धरल्यासारखे, काही कडांना चंदेरी. डागावर पाण्याचा थेंब टाकला. बारीक बुडबुडे आले.
मग मधला सेल उघडला. तेच डाग. तेवढेच. तिथेच.
ऊन नव्हतं ते.
पुण्याला तीन दिवसांच्या कोर्सला सरांनी सांगितलं होतं, वहीत लिहूनही घेतलंय: गार सेलला जोरात चार्ज केलं तर लिथियम लेपात मुरत नाही, वर साचतं आणि कायमचं अडकतं. कुठे जात नाही, पण कामालाही येत नाही.
कोणी केलं? मी केलं. आई घाबरते म्हणून रात्री घरात चार्जिंग नाही. पहाटे ओट्यावर, धरणाकडून वारा येतो तिथे. आणि गाडीबरोबर आलेला चार्जर हळू म्हणून दिवाळीनंतर मी रिक्षाचा मोठा बसवला. दीड तासात फुल्ल! किती मिरवलं होतं ते. अख्खी थंडी, रोज पहाटे, माझ्या हाताने मारत होतो.
आप्पांनी पत्र्यावर मढं ठेवलं होतं फक्त.
शकीलभाईंनी विचारलं, "काय निघालं?" म्हणालो, काही कळत नाही.

१४ मार्च, शनिवार
सकाळी गाठ मारताना आप्पा पाठमोरेच म्हणाले, "सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला जातो. मेंढ्या इकायला काढतो."
"किती?"
"सा हायेत. सगळ्याच."
कळप चुलत्यांनी केव्हाच विकला. या सहा आप्पांनी ठेवल्या, घरातल्या सगळ्यांशी भांडून. पहाटे उठून त्यांच्याशी बोलतात, आमच्याशी बोलतात त्यापेक्षा जास्त.
"पाडव्याच्या आत नवी बॅटरी आनू. माझ्या हातनं झालंय ना, मग मीच भरनार."
फेट्याची गाठ मारून झाली होती. माझी छाती त्यांच्या पाठीला लागलेली. तोंड त्यांच्या कानापाशी. इतक्या जवळून सांगायला कोणाला मिळतं?
वाटभर बोललो नाही.

१५ मार्च, रविवार
इथे तरी खरं लिहितो. लाज वाटते म्हणून गप्प आहे असं नाही. लाज आहेच. पण सांगितलं तर मेंढ्या जाणार नाहीत, आणि मेंढ्या गेल्या नाहीत तर पॅक येणार नाही. मला पॅक पाहिजे. बापाचं शेवटचं जे काही आहे ते विकून पाहिजे. मी असा माणूस आहे हे मला माहीत नव्हतं.
आप्पांनी दिवसभर मेंढ्यांच्या अंगातले काटे काढले. एकीचा खूर साफ केला. विकायच्या जनावराचं लोक इतकं करत नाहीत.
दोनदा हाक मारली. दोनदा ते आले. एकदा पाणी मागितलं, एकदा म्हणालो, काही नाही.

१६ मार्च, सोमवार
सहाला टेम्पो. आप्पांनी एकेक मेंढी उचलून चढवली, ड्रायव्हरला हात लावू दिला नाही. मी ओट्यावर.
"येतो."
"या."
एवढंच बोलणं झालं.
दुकान बंद, नेणार कोण? आई शेजाऱ्यांच्या कांद्याला. दोन्ही पट्ट्या कागदात गुंडाळून आणल्यात, त्या समोर आहेत. काळा लेप आता नुसत्या हाताने झडतो.
साडेदहाला फोन लावला. मागे बाजाराचा गलका.
"आप्पा, विकू नका."
"काय? मोठ्यानं बोल."
"विकू नका म्हणतोय!"
"का रं? काय झालं?"
दोन वाक्यांचं काम होतं. बॅटरी मी घालवली. तुमचा दोष नाही. दोन्ही जिभेवर तयार. मागून कुणी व्यापारी त्यांना हाक मारत होता आणि आप्पा त्याला म्हणाले, "थांब जरा, पोराचा फोन हाय."
मी म्हणालो, "भाकरी खाल्ली का?"
"खातो की. बोलनी चाललीत. इसार घ्यायचा हाय अजून." मग थोडं थांबून, दहा दिवसांत पहिल्यांदाच पूर्वीच्या आवाजात: "तू काळजी नको करू. पाडव्याला सोताच्या गाडीवर जाशील."
त्यांनीच फोन ठेवला.
पावणेअकरा. इसार अजून घेतलेला नाही. फोन माझ्या हातात आहे.