सतरा नंबरचा वॉकर

विद्यानगर, हैदराबाद
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. त्रिवेणीस,

अक्काचे अनेक आशीर्वाद. उदगीरला तुम्ही सगळे मजेत असाल. मीही इथे ठणठणीत आहे. दारातल्या सीताफळाची शेवटची चार फळं उरलीत, तीही माकडांनी दया केली म्हणून.

पत्र बघून दचकली असशील. पण फोनवर तू विचारतेस, बरी आहेस ना अक्का, आणि मी ‘हौ’ म्हणून मोकळी होते. तीन वर्षं आपलं बोलणं एवढंच, तेही दिवाळी-संक्रांतीला. कागदावर तसं पळता येत नाही.

आधी क्लबची बातमी सांगते. आमचा सेवा क्लब दर रविवारी कॉलनीच्या हॉलमध्ये जमतो. मराठी, तेलुगू, उर्दू, सगळ्या घरांतली पंचवीस-तीस माणसं. डोळे तपासणी, पोरांना वह्या, हे चालूच असतं, पण आमचं नाव आहे ते साहित्याच्या खोलीमुळे. वॉकर, चाकाची खुर्ची, पाण्याची गादी. ज्याला लागेल त्यानं न्यायचं आणि बरं वाटलं की परत आणून द्यायचं. अकरा वर्षं त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. फॉर्मही मीच बनवलेला. नाव, पत्ता, आणि सगळ्यात खाली ‘सोबत कोण’ असा रकाना, कारण वॉकर घेऊनही माणूस पडतो आणि उचलायला कुणीतरी लागतं. काही लोकांना स्वतःच्या नावावर न्यायची लाज वाटते, शेजाऱ्यासाठी नेतोय म्हणतात. त्यांना मी चांगलं फैलावर घेत आले. ज्याला लागतं त्याचंच नाव, हा नियम माझा.

तर गेल्या महिन्यात शेवटचा उरलेला सतरा नंबरचा वॉकर जामबागच्या भामाबाईंच्या नावावर गेला. काही दिवसांनी घरी जाऊन चौकशी करायची आमची पद्धत आहे, म्हणून आमची अध्यक्ष शिल्पा आणि शशिकांत दोघं गेले. शशिकांत रेल्वेतून निवृत्त झालेला, बोलतो फार पण कामाला वाघ. फॉर्मवर पत्ता नुसता ‘शाळेच्या मागे’. आता जामबागेत शाळांना काय तोटा? दोघांनी अख्खी दुपार दारं वाजवली आणि परवा रविवारी सगळ्यांसमोर शशिकांतनं सांगितलं:

“ताई, भामाबाई मिळाल्या. चार महिने झाले, खुबा मोडून पडल्यात. पन त्या म्हनायल्या, मला कोनी वॉकर दिला नाई. अन् फॉर्मवर सोबत बहीन लिवलीय, त्यांना तर बहीनच नाई.”

भामाबाई मिळाल्या कशा, हेच मला कळेना. का, ते सांगते. वर ठणठणीत लिहिलंय ते खोटं आहे. खोडत नाही, तसंच राहू दे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोरीत पडले. हाड वाचलं, पण गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने वॉकरशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि एकटं राहायचं नाही. हर्षवर्धनला कळवलं नाही. त्याला कळलं तर तो पुण्याहून येईल, घराला कुलूप लावेल आणि मला घेऊन जाईल. लेक चांगला आहे, पण मला हे घर सोडायचं नाही. आणि मी, इंदुताई, वॉकर वाटणारी बाई, वॉकर घेऊन हॉलमध्ये कशी जाऊ? म्हणून स्वतःच्या हातानं फॉर्म भरला. सुचेल ते नाव, सुचेल तो पत्ता. सोबत कोण, तर बहीण. आमचं साहित्य फुकट पोचवणारा निवृत्ती ऑटोवाला आहे, त्याच्याकरवी वॉकर माझ्या घरी आणवला आणि इथून पुढे जामबागला जाईल म्हणून थाप मारली. घरात वॉकर आणि रविवारी भिंत धरून हॉल. सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचं, सगळे गेल्यावर उठायचं. सत्तरीत हे उद्योग.

ती बाई माझ्या मनातली होती, त्रिवेणी. आणि या दोघांनी ती खरीच शोधून काढली.

मी गप्प बसले असते. खोटं कशाला सांगू, बसलेच होते. पण कुणीतरी म्हणालं, ऑटोवाल्यानं वॉकर विकून खाल्ला असेल. निवृत्ती बाहेरच उभा होता, त्याला आत बोलावलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं असतं तर तिथल्या तिथे सुटला असता. तो एवढंच म्हणाला, “जिथं द्यायला सांगितलं तिथं दिलाय साहेब.” आणि मान खाली घालून उभा राहिला. आठ वर्षं त्यानं आमच्याकडून भाड्याचा पैसा घेतलेला नाही.

मी खुर्चीची पाठ धरून उठले. म्हटलं, “वॉकर माझ्या घरी आहे. भामाबाई मीच.”

मग मी निवृत्तीची माफी मागितली, सगळ्यांसमोर. तो म्हणाला, “बसा अम्मा, पाय दुखंल.” शिल्पानं कपाटातून कोरा फॉर्म काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, नियम तुमचाच आहे ताई. मला तिचा राग आला, मग हसू आलं, मग रडूच आलं. शशिकांत म्हणाला, आईचा वॉकर माळ्यावर पडलाय, संध्याकाळी आणून देतो. पण मी नाव घालून फॉर्म अर्धवटच सोडला.

सतरा नंबर त्याच दुपारी जामबागला पोचवला. शशिकांत आणि निवृत्तीसोबत मी हट्टानं गेले. भामाबाई भाच्याकडे राहतात. नवरा-बायको कामावर गेले की दिवसभर एकट्या, मोरीपर्यंत बसून सरकत जायच्या. आपण अकरा वर्षं लोकांना शिकवलं: आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. ते सगळं धडधाकट पायांवर उभं राहून. मोरीचा उंबरा कसा ओलांडायचा हे मात्र मला या दीड महिन्यातच कळलं. त्यांना तेच आधी दाखवलं. दोनदा घाबरल्या. तिसऱ्यांदा ओलांडून आत गेल्या आणि आतून दार लावून घेतलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. बाहेर आम्ही तिघं नुसते त्या दाराकडे बघत उभे होतो.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, तुमच्या घरी कोन बघतं? म्हटलं, कुणी नाही.

“मग बोलवा की कोनाला. मी कुटं बोलवलं होतं, तरी तुमी आलाव.”

मला तू आठवलीस. हे गेले तेव्हा तूही न बोलावता आली होतीस, दोन महिन्यांची तयारी करून, लोणच्याची बरणीसुद्धा घेऊन. आणि चौदाव्या दिवशी मी तुझी बॅग दारात नेऊन ठेवली. म्हटलं, मला कुणी लागत नाही. तू जाताना म्हणालीस, अक्का, तू सगळ्यांचं करतेस, तुझं कुणाला करू देत नाहीस. मला ते फार झोंबलं, कारण खरं होतं. चूक माझी होती, त्रिवेणी. तीन वर्षं मला हे वाक्य लिहिता आलं नाही.

फॉर्म काल पुरा केला. नाव इंदुताई, पत्ता विद्यानगर. ‘सोबत कोण’मध्ये तुझं नाव घातलंय, तुला न विचारता. खोट्या फॉर्मात बाकी सगळं खोटं लिहिलं, पण बहीण तेवढी खरी होती.

घरचं आवरून जमेल तेव्हा ये. निवृत्ती सिकंदराबाद स्टेशनवर घ्यायला येईल, मी सांगून ठेवलंय. बरणी आण. तुझी बॅग या खेपेला कपाटात ठेवू, वरचा खण मी रिकामा केला आहे.

जिला तू लागतेस, ती
तुझी अक्का