बंद आढळला

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज एक भेट केली नाही. केली असं लिहिलं.

काल चौदा ठिकाणं होती. शिंपी, छापखाना, दोन खानावळी, चष्म्याच्या काड्या बनवणारा, असं करत करत शेवटची ती लाँड्री — जुन्या बस डेपोच्या मागच्या गल्लीतली. सव्वादोन वाजले होते. शटर खाली. वाजवलं, हाक मारली, कोणी नाही. आमचा नियम असा की एकदा बंद दिसलं म्हणून लगेच तसं लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळेला, पुन्हा जायचं. तेव्हाही बंद असेल तरच शेरा मारायचा — ‘व्यवसाय बंद आढळला’. तो शेरा पडला की मदतीचा अर्ज तिथेच संपला. अडचणीतल्या छोट्या धंद्यांना सरकार सहा महिन्यांचं भाडं आणि निम्मे पगार देतं, पण धंदा चालू हवा. चालू आहे की नाही हे बघणारा तपासनीस म्हणजे मी.

आज अकराला तिकडेच निघालो होतो. वाटेत सलून दिसलं, रिकामं. केस कानावर आलेच होते. म्हटलं, दहा मिनिटं. खुर्चीत टेकलो आणि डोळा लागला. त्या भल्या माणसाने उठवलंही नाही. जाग आली तेव्हा बारा वाजून गेलेले, आणि ऊन असं की त्या गल्लीपर्यंत चालणं जिवावर आलं.

ऑफिसात येऊन लिहिलं — ४ तारीख, दुपारी २.१५, बंद. ५ तारीख, सकाळी ११, बंद. सही.

बंदच असणार. काल होतीच की.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं — अहवाल वेळेत देणारा या ऑफिसात एकच माणूस आहे. तो मी. वर म्हणाले, केस कापल्यापासून तुमचं वय कमी दिसतंय.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दिवसभर तक्ता. पाच विभाग, गेल्या वर्षीचं आणि यंदाचं शेजारी शेजारी. आमच्या विभागात दिवाळखोरीचे अर्ज दीडपट झालेत. नदीपलीकडच्या विभागात कमी झाले — एक म्हणणं असं की तिथे मदत लवकर पोचली, दुसरं असं की तिथे बुडायला आता कोणी उरलंच नाही.

यंदा एक नवा रकाना आहे — ‘मदतीआधीच बंद पडलेले’. आमच्याकडे तो चांगलाच फुगलाय. साहेबांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, प्राण गेलेल्याला औषध पाजून काय उपयोग? पुढच्या वर्षी मदतीची रक्कम कमी करा असं वरून येणार आहे, त्याला हा आधार होईल. मला म्हणाले, ठळक करा.

ठळक केला. लाँड्री त्याच रकान्यात आहे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

लाँड्रीवाल्या बाई आल्या होत्या.

साठीच्या असतील. कोपरापासून मनगटापर्यंत वाफेचे जुने डाग. नकाराचं पत्र चार घड्या करून आणलेलं. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. मला ‘साहेब’ म्हणत होत्या, मी शिपाई असतो तरी म्हटलं असतं असं वाटलं. बंद नाही हो आमचं, चार बायका कामाला आहेत, म्हणाल्या. तुम्ही कधी आला होतात?

मी फाईल उघडून रुबाबात चार तारीख, सव्वादोन असं सांगितलं. त्यांनी लगेच मान डोलावली. त्या वेळेला सगळ्याजणी चादरी पोचवायला हॉटेलवर जातात म्हणे. टेम्पो विकला, हातगाडी चौघींनी ढकलावी लागते. माझीच चूक, पाटी लावायला हवी होती — असं म्हणून माझी माफी मागितली. माझी!

इथे थांबता आलं असतं. मी पुढचं वाचलं. पाच तारीख, सकाळी अकरा.

मग हळूच म्हणाल्या, “पाचला अकरा वाजता तर आम्ही आतच होतो. बॉयलर दुरुस्तीवाला आला होता. शटर पूर्ण वर होतं.”

मी म्हणालो, “शटर बंद होतं.”

माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. एखादा शब्द नीट ऐकू आला नाही की माणूस बघतो तसं.

“असेल,” म्हणाल्या.

फेरविचाराचा अर्ज कसा करायचा ते मी अगदी मन लावून समजावलं. कुठे सही, कुठे शिक्का, सगळं. जाताना त्यांनी मला दोनदा धन्यवाद दिले.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. बायकोला पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

बुधवार, ५ मार्च

बसमधून दोन थांबे आधी उतरलो आणि डेपोमागच्या गल्लीत गेलो. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उगाच एक कागद काढला, मग दुसरा.

शटर वर. आत ट्यूबलाइट, मोठी दोन मशीनं, त्यातलं एक झाकून ठेवलेलं. दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरी घडी करत होत्या. टोकं धरायची, ताणायची, झटकायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक. मध्येच एक काहीतरी बोलली आणि चौघी हसल्या. बाई इस्त्रीच्या टेबलाशी.

झेरॉक्सवाला म्हणाला, आणखी काढायच्या का? माझ्या हातात वीजबिलाच्या पाच प्रती झाल्या होत्या.

रस्ता ओलांडला नाही.

शुक्रवार, ७ मार्च

लाँड्रीचा फेरविचाराचा अर्ज आला. वर लाल शाईत — ‘मूळ तपासनिसाच्या अभिप्रायासाठी’. म्हणजे माझ्याच टेबलावर. मी खोटं बोललो का, हे मला विचारणारा कागद.

सोबत बॉयलरवाल्याची पावती जोडलीय. ५ फेब्रुवारी. पावतीवर वेळ नसते. तेवढ्या फटीतून मी निसटलो.

लिहिलं — ‘मूळ शेरा कायम.’ तीन शब्द. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

बुधवार, १२ मार्च

शेजारच्या टेबलावरच्याला थोडं सांगितलं. त्याला आम्ही वकील म्हणतो, त्याच्याकडे कशालाही कलम असतं. नाव, ठिकाण काही सांगितलं नाही. म्हटलं, एकदा दुसरी भेट राहून गेली. तो चहा ढवळत होता, चमचा थांबलाही नाही. म्हणाला, एवढ्या भेटी, त्याही दोनदोनदा, दोन पायांच्या माणसाने करायच्या कशा? सगळे तेच करतात.

मी म्हटलं, मी नाही करत. ही एकच.

तो हसला. का हसला कोण जाणे.

मधल्या सुट्टीपर्यंत बरं वाटलं. मग लक्षात आलं की ‘सगळे’ म्हटल्यावर मला बरं वाटलं, आणि जेवणाचा डबा तसाच परत आणला.

बुधवार, १९ मार्च

या महिन्याच्या दिवाळखोरीच्या अर्जांची यादी न्यायालयाकडून आली. सव्विसावा अर्ज लाँड्रीचा.

तक्त्यात भरायचं काम माझंच. कारण लिहावं लागतं. पाच कारणं छापलेली असतात, त्यातलं एक निवडायचं. मागणी घटली. कच्चा माल महागला. कर्जाचा बोजा. मालकाचा आजार किंवा मृत्यू. इतर. ‘इतर’ निवडलं तर खुलासा द्यावा लागतो. तपासनीस केस कापायला गेला, असा खुलासा कुठे लिहू!

‘मागणी घटली’ निवडलं.

गुरुवार, २० मार्च

बायकोला सांगितलं. ती शाळेच्या उत्तरपत्रिका तपासत बसली होती. सगळं सांगितलं — सलून, पाच तारीख, ‘असेल’, तीन शब्द. हेही सांगितलं की एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं एकदाच झालं, आणि निवृत्तीला चौदा महिने राहिलेत.

ती पेनला टोपण लावत म्हणाली, “मला सांगून मोकळे व्हायला बघू नका. मी काय करणार त्याचं? त्या बाईंना सांगा. ऑफिसात सांगा.”

मी म्हटलं, नोकरी जाईल. पेन्शनवर गदा येईल.

“येईल,” म्हणाली. जरा वेळाने पुढची उत्तरपत्रिका ओढली, पण पान उलटलं नाही. तिलाही भीती वाटते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

सोमवार, २४ मार्च

सात ओळींचं पत्र. कोणत्या तारखेला कुठे गेलो नाही, काय खोटं लिहिलं, फेरविचारात पुन्हा काय लिहिलं. ‘अशी चूक माझ्याकडून या एकाच प्रकरणात झाली आहे.’ खाली सही.

साहेबांनी वाचलं आणि टेबलावरून माझ्याकडे परत सरकवलं. मी हे वाचलेलं नाही, म्हणाले. आवाज चढवला नाही, उलट समजुतीने बोलले. तक्ता वर गेलाय, त्यावर भाषणं झालीत, एका लाँड्रीसाठी अख्ख्या विभागाचे आकडे हलवायचे? मुलाबाळांचा विचार करा. घरी जा, दोन दिवस रजा घ्या.

पत्र उचललं. दाराबाहेर आलो. घरी जायचा जिना उजवीकडे, आवकची खिडकी डावीकडे. खिडकीवरच्या मुलीला पत्र दिलं. तिने न वाचताच शिक्का मारला, नंबर टाकला, पोच दिली. आता ते कोणालाच ‘वाचलेलं नाही’ म्हणता येणार नाही.



बुधवार, २६ मार्च

लाँड्रीत गेलो. रस्ता ओलांडला.

बाई एकट्याच. मशीनं विकलीत, उद्या न्यायला येणार. बायकांना गेल्या शनिवारीच निरोप दिला. टेबलावर चादरींचा शेवटचा ढीग — हॉटेलला कबूल केलेलं, ते द्यायचंच म्हणाल्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पाठ करून गेलो होतो, तरी अडखळलो.

“माहीत आहे,” म्हणाल्या. “तुमच्या टेबलासमोर बसले होते ना, तेव्हाच कळलं.”

मग तेव्हाच बोलला का नाहीत, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

“अर्ज तुमच्या हातात होता.” मग एका चादरीची शिवण चाचपून पाहिली. “आणि खरं सांगू? तुम्ही इतक्या ठामपणे म्हणालात की घरी जाताना मलाच वाटायला लागलं, नसेल उघडलं त्या दिवशी. इथे येऊन चौघींना विचारलं, अगं, पाच तारखेला आपण होतो ना? त्या हसायला लागल्या. मला नाही हसू आलं. तीस वर्षं मी हे शटर उघडतेय.”

माफ करा म्हणालो. त्यांनी ते घेतलंही नाही, टाकलंही नाही. एका चादरीची दोन टोकं माझ्यापुढे केली.

“धरा. एकटीने होत नाही.”

धरलं. ताणलं. माझ्याकडून कडा जुळत नव्हत्या. ‘कोपरा,’ एवढंच म्हणायच्या. चाळीसएक चादरी झाल्या असतील. शेवटच्या घडीनंतर त्या म्हणाल्या, आता जा, हातगाडी ओढायला धाकटा भाऊ येतोय, त्याने तुम्हाला इथे बघायला नको.

बुधवार, २ एप्रिल

निलंबनाचा आदेश. ओळखपत्र जमा केलं. वकील मान वर करत नव्हता. साहेबांचं दार बंद.

बायकोने आदेश वाचला, कपाटात कागदांच्या पिशवीत ठेवला, आणि म्हणाली, चला, जेवून घेऊ.

गुरुवार, १० एप्रिल

लाँड्रीचा मदतीचा अर्ज मंजूर झाला. भाडं सहा महिन्यांचं, पगार निम्मे. आवकच्या मुलीने फोन करून कळवलं, तिला वाटलं मला आनंद होईल.

मशीनं जाऊन दोन आठवडे झालेत. जागा झेरॉक्सवाल्याने घेतली. चार बायकांपैकी दोघी दुसऱ्या गावी गेल्या. बाईंनी मंजुरीचं पत्र परत पाठवलं म्हणे, वर लिहून — ‘व्यवसाय बंद आहे.’

शनिवार, १२ एप्रिल

घरी बसून राहवत नाही. बायकोच्या शाळेत कुंपण रंगवायचं होतं, ते रंगवतोय. शिपाई म्हणतो, साहेब, सरळ ओढा की ब्रश. शिकतोय.

एक मात्र आहे. लाज कमी झालेली नाही, पण तिला आता आकार आलाय. एक तारीख, एक गल्ली, एक बाई. एवढीशी गोष्ट माणूस उरलेल्या आयुष्यात उचलून नेऊ शकतो, असं वाटतं.

गुरुवार, २४ एप्रिल

चौकशी अधिकारी बाईंचा फोन आला. माझ्या पत्रावरून वर्षभरातले ‘बंद आढळला’ शेरे त्यांनी जागेवर जाऊन, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून पडताळले. मी म्हटलं, माझा तो एकच. त्या म्हणाल्या, तुमच्या सहीचे अकरा निघाले. त्या तारखांना अकराही ठिकाणं उघडी होती.

यादी पाठवलीय. लाँड्री सोडून दहा. नाव, गल्ली, दोन दोन भेटींच्या तारखा, सगळं माझ्याच अक्षरात.

तीनदा वाचली. एकही आठवत नाही.