तारांची अदलाबदल

ता. ९, गुरुवार

प्रिय शेंडेफळास,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत आहोत. आईचा गुडघा बरा आहे. तुझ्या नेमणुकीचं कळल्यापासून तर ती जिना धावत उतरते आणि दिसेल त्याला गाठून सांगते, "आमची धाकटी आता पाणीशुद्धीची मुख्य!" मोठीही तिथेच कामाला आहे, हे तिच्या लक्षातही येत नाही.

अभिनंदन. या एका शब्दापायी किती कागद फाडले ते विचारू नकोस.

टाकी छान चालली आहे. खाणीचं पाणी आत येतं, लोखंडी पट्ट्यांमधून वीज जाते, शिसं आणि जस्त गाळ होऊन तळाशी बसतं, वर नितळ पाणी. पट्ट्यांवर आता पापुद्रा धरत नाही, कारण ठरावीक वेळाने आम्ही धन-ऋण तारांची अदलाबदल करतो. साहेब तिला "धाकट्या बाईंची पद्धत" म्हणतात. ऐकलं की माझ्या पोटात दुखतं.

त्या दिवशी तारा उलट्या जोडल्या त्या मीच ना! दुपारभर तशाच राहिल्या. फोरमनने आरडाओरडा केला, तशा मी घाईघाईने सुलट केल्या. पट्ट्या लख्ख झालेल्या मलाही दिसल्या होत्या गं. पण मी ती फजिती म्हणून तुला फोनवर सांगितली आणि आपण दोघी खिदळलो. मग तू एकदम थांबलीस. "ताई, पण पट्ट्या साफ कशा झाल्या?" मला तुझा राग येत नाही, त्या प्रश्नाचा येतो. तो मला का सुचला नाही?

बरं, आता सांगूनच टाकते. मुख्याच्या त्या जागेसाठी मीही अर्ज केला होता. आईला माहीत नाही. निकाल सांगताना साहेबांनी मला तुझंच कौतुक ऐकवलं आणि मी मान डोलावत बसले. घरी येऊन भांडी अशी आदळली की आई म्हणाली, "कुणाचा राग काढतेस त्यांच्यावर?" दुसऱ्या खाणीवर बदली मागावी, असं रोज मनात येतं.

तू विचारलंस, "ताई, तू राहशील ना? तुझ्याशिवाय मला ती टाकी सांभाळता यायची नाही." राहीन. जळफळत राहीन, पण राहीन. फक्त एक कर. या पद्धतीवरच्या भाषणात तू म्हणतेस, "एका कामगाराच्या हातून चुकून तारा उलट्या लागल्या." तिथे "माझ्या ताईच्या हातून" म्हण. शोध तुझा आहे, मान्य. चूक तरी माझ्या नावावर राहू दे.

तुझी,
आणि सोमवारपासून तुझ्याच हाताखालची,
ताई